जुना टेम्पो घेताय? आधी ॲव्हरेज बघा

ताईंनो, गटाच्या भाजीसाठी जुना टेम्पो घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा किमतीवरच होते. डिझेलचं कोण विचारतं? रोजची 60 किलोमीटर फेरी धरा. लिटरला 20 देणाऱ्या गाडीला 3 लिटर लागतं, 15 देणारीला 4. लिटरला 90 रुपये धरले, तर महिन्याच्या 25 फेऱ्यांना 2,250 रुपये जादा. म्हणजे 20,000 रुपयांनी स्वस्त मिळालेली गाडी नऊ महिन्यांत महाग पडली!

मालक सांगतो ते ॲव्हरेज बहुधा रिकाम्या गाडीचं असतं. म्हणून टाकी फुल करा, नेहमीएवढा माल भरून 60 किलोमीटर फिरवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. झालेल्या किलोमीटरला आता बसलेल्या लिटरने भागायचं. एखादं चाक जास्त तापलं, काळा धूर निघाला, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.