सोनं सोडवायला कुणी येईना

सोनेतारणात खोटं सोनं निघालं की गाव आधी विचारतं, ‘मॅडमना कळलं कसं नाही?’ कळलं होतं. लेखी कळवलंही होतं. तरी आरोपपत्र निघालं ते माझ्याच नावानं, कारण पाकिटांच्या रजिस्टरात दुसरी सही माझी. मूल्यांकन करणारा सराफ बँकेचा नोकर नाही, म्हणून त्याची खातेनिहाय चौकशी नाही. मॅनेजरसाहेब तोवर निवृत्त झालेले. उरले मी. शाखेत किल्ली सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, आणि खरं सांगायचं तर माझी मळमळ बाहेर पडावी म्हणूनही.

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या काउंटरवर झुंबड असते. बाई भिशी उचलून, उसनेपासने करून येते आणि मोहनमाळ सोडवून नेते. कार्य उरकलं की पुन्हा ठेवते. पण काही पाकिटांची चौकशी करायला कधीच कुणी येईना. मुदत संपली की व्याज भरलं जायचं आणि नवं-जुनं व्हायचं. भाव वाढला की त्याच पाकिटावर कर्जही वाढायचं. दागिने सगळे एका छापाचे: जाडजूड तोडे आणि पाटल्या, ना खडा ना मीना, वजनं जवळपास सारखी. दागिन्यात जीव न अडकलेली इतकी माणसं एकाच शाखेत जमावीत, हे मला पटत नव्हतं.

त्यातलाच एक कर्जदार नूतनीकरणाच्या सहीला आला. मी म्हटलं, ‘अक्षय्यतृतीया आली की हो. घरात कार्य नाही? तोडे सोडवत नाही का?’

तो बघतच राहिला. ‘कसलं तोडं, मॅडम? शेठनी सही कर म्हनून सांगितलं, म्हनून आलो.’

शेठ, म्हणजे आमचे मूल्यांकन करणारे सराफ, मागेच उभे होते. ‘म्हातारीचे तोडे हो, याला काय ठाऊक!’ म्हणत हसले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला घेऊन गेले. टेबलावर त्याचा अर्ज तसाच पडला होता. ‘दागिने माझ्या स्वतःच्या मालकीचे आहेत’ या ओळीखाली त्याची सही होती. मी त्याखाली माझी सही केली नाही.

संध्याकाळी सोनेतारणाची यादी मोबाईल नंबरांच्या क्रमानं लावून पाहिली. आडनावं वेगळी, गावं वेगळी, नंबर मात्र तेच ते. मॅनेजरसाहेबांकडे गेले तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फार शंका घेता. शेठ संचालकांच्या नात्यातले आहेत, माहितीय ना?’ माहीत होतं, म्हणूनच मुख्य कार्यालयाला पत्र दिलं. तिथून फेरतपासणीचा आदेश आला आणि फेरतपासणी केली कुणी? त्याच शेठनी! अहवाल: सर्व दागिने योग्य. पाठोपाठ माझी बदली, वसुली विभागात. पुढं लेखापरीक्षकांनी बाहेरगावचा सराफ आणला, तेव्हा एकेक तोडा कापल्यावर आत चांदी निघाली.

चौकशी अधिकाऱ्यांचं वागणं तर मी जन्मात विसरणार नाही. ‘तुम्ही तोंडी सांगितलं असेल, मॅडम. मुख्य कार्यालयात असं पत्र नाही.’ मी इनवर्डचा शिक्का असलेली माझी प्रत पुढं ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘हे आधी का नाही दाखवलं?’ आरोपपत्राला दिलेल्या उत्तराच्या पहिल्याच पानाला ती जोडलेली होती. उत्तर वाचलंच नव्हतं कुणी.

आमच्या प्रशिक्षणात ऑपरेशनल रिस्कची बाझलची व्याख्या पडद्यावर दाखवतात: माणसं, कार्यपद्धती, यंत्रणा आणि बाहेरच्या घटना यांतून होणाऱ्या नुकसानीची जोखीम. ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला करून कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. तेव्हापासून सगळा भर यंत्रणेवर. असायलाच हवा. पण १९९५ साली बेअरिंग्ज बँक बुडाली ती सिंगापूरला निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या नोंदींचा कारभारही त्याच्याच हाती होता म्हणून. २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीचे संदेश स्विफ्टवरून परदेशी जात होते आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. करणारा आणि तपासणारा एकच झाला, किंवा तपासणाऱ्यापर्यंत काही पोचलंच नाही, की रक्कम कोटींची असो वा हजार कोटींची, गोष्ट तीच. आमच्या शाखेत कसोटीचा दगड शेठचा, वजनकाटा शेठचा, सील शेठचं आणि फेरतपासणीही शेठची.

तेव्हा माझ्यासारखं कुणी अडकू नये म्हणून सांगते. फेरतपासणीचा सराफ दुसऱ्या गावचा हवा आणि तो मुख्य कार्यालयानं नेमावा. कोणती पाकिटं उघडायची हे शाखेला आधी कळता कामा नये. नवं-जुनं करताना पाकीट उघडून दागिना नव्यानं तपासल्याशिवाय मुदत वाढवू नका. ज्या पाकिटांना लग्नसराईतही कुणी विचारत नाही, ती आधी उघडा.

कॅरेट मीटर आलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते यंत्र फक्त वरचा थर वाचतं आणि कसोटीवरची रेघही वरच्याच थराची असते. मुलामा जाड असला की दोन्ही फसतात. भरीव दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. बावीस कॅरेटचा पन्नास ग्रॅमचा तोडा पाण्यात तीनेक ग्रॅमनं हलका भरतो. आत चांदी असली तर जवळजवळ पाच ग्रॅमनं. पोकळ किंवा लाखेच्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही, तिथं कर्जच हात राखून द्यावं.

कधीच रजा न घेणाऱ्या माणसाचं कौतुक करू नका. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, किमान दहा कामकाजाचे दिवस सलग रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांना सांगितलेलं आहे. ती रजा विश्रांतीसाठी नाही, त्याच्या टेबलावर दुसऱ्याची नजर पडावी यासाठी आहे. आमचे मॅनेजरसाहेब तापातही शाखेत यायचे. त्याबद्दल वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला!

पासवर्ड कुणाला देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, हे सगळेच सांगतात. मीही सांगते.

शंका आली तर तोंडी बोलून थांबू नका, पत्र द्या आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा. मात्र पत्रात फक्त पाकिटांचे क्रमांक लिहा. ग्राहकांची नावं, खात्यांच्या याद्या घरी नेऊ नका. माझ्यावर ‘गोपनीय माहिती बाहेर नेली’ असंही एक कलम लावून पाहिलं होतं, प्रतीत एकही नाव नव्हतं म्हणून ते टिकलं नाही. ‘आपलीच माणसं आहेत’ हे वाक्य कानावर आलं की दुप्पट सावध व्हा. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि आमच्या बँकेत ती भीक ठेवीदारांच्या पैशातून घातली गेली.

माझ्यावरचे आरोप सिद्ध झाले नाहीत. तसं पत्र मिळालं, त्यात दिलगिरीचा शब्द नाही. चौकशीच्या काळात रोखलेल्या वेतनवाढीची थकबाकी अजून यायची आहे. त्याचा अर्ज दिलाय, आणि इनवर्डचा शिक्का मारून घेतल्याशिवाय मी काउंटर सोडलं नाही.