दोन मशीनचा डाव आणि तिसऱ्याची तपासणी

साहित्य थोडेच लागते. बुद्धिबळ खेळणारी दोन जुनी मशीन, त्यांचे अडॅप्टर, एक फुलस्केप वही, शिसपेन्सिल, बरा चालणारा लॅपटॉप आणि घरात कोणी हाका मारणार नाही अशी एक दुपार.

मशीन म्हणजे मोबाइलमधले अ‍ॅप नव्हे. पट, सोंगट्या आणि पटाच्या पोटात प्रोसेसर, अशी बुद्धिबळाखेरीज दुसरे काहीही न येणारी पेटी. अमेरिकेतल्या फिडेलिटीने १९७७ साली चेस चॅलेंजर आणला, आणि मग पंधरा-वीस वर्षे फिडेलिटी, हाँगकाँगच्या नोव्हाग आणि सायटेक, म्युनिकची मेफिस्टो या कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करत राहिल्या. पुढे घरोघरी संगणक आले आणि हा धंदा आटला. पेट्या मात्र चिवट निघाल्या. जुन्या बाजारात त्या अजून मिळतात, चालू स्थितीत मिळतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी मेम हा इम्युलेटर वापरावा; त्यात यातली बरीच मशीन हुबेहूब चालतात.

उदाहरणासाठी मी दोन घेतो. एक नोव्हागचे सुपर कॉन्स्टेलेशन: १९८४ सालचे, डेव्हिड किटिंजर यांचा प्रोग्रॅम, ६५०२ प्रोसेसर, वेग ४ मेगाहर्ट्झ. दुसरे मेफिस्टो पोल्गार: एड श्रोडर यांचा प्रोग्रॅम, प्रोसेसर त्याच घराण्यातला, वेग साधारण ५ मेगाहर्ट्झ. आजच्या लॅपटॉपशी या आकड्यांची तुलना करू नये, लाजिरवाणे होते.

आधी पातळी ठरवा. दोघांनाही ‘सरासरी अमुक सेकंदांत एक चाल’ अशीच पातळी द्या. ३० सेकंद धरले तर साठ चालींचा डाव तासाभरात आटोपतो. चालीस तीन मिनिटे, म्हणजे स्पर्धेचा जुना वेग दिला, तर तोच डाव सहा तास चालेल. पहिल्यांदा करणाऱ्याने ३० सेकंदच घ्यावेत. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय एकात असेल आणि दुसऱ्यात नसेल तर ती बंद करा. निदान वहीत तशी नोंद ठेवा.

डाव सुरू झाला की तुमचे काम हमालाचे. एका मशीनने दाखवलेली चाल आधी त्याच्या पटावर करायची, मग दुसऱ्याच्या पटावर. दाबायच्या पटावर सोंगटी घरावर टेकवून हलके दाबावे लागते. नीट दाबले गेले नाही तर मशीन मुकाट बसून राहते आणि आपण समजतो की ते विचार करते आहे. मी एकदा अशी वीस मिनिटे घालवली आहेत. दर दहा चालींनी दोन्ही पट शेजारी ठेवून ताडून पाहा. एक प्यादे एका घराने चुकले तर पुढचा सगळा डाव रद्दी.

वहीत पाच रकाने आखा: चाल, लागलेला वेळ, मशीनने स्वतः दाखवलेले गुण, किती खोल पाहिले ते, आणि समोरून कोणत्या उत्तराची अपेक्षा होती ते. मशीनला अक्षरी पडदा नसेल, नुसते लाल दिवे असतील, तर पहिल्या दोनांवर भागवा. पण ज्याचे गुण दिसतात त्याचे प्रत्येक चालीला टिपाच. या कृतीत वापरायचा खरा मसाला तोच आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात, कारण मध्येच दोन-तीन बटणे दाबावी लागतात.

गुणांच्या चिन्हाची मात्र काळजी घ्या. बहुतेक मशीन स्वतःच्या बाजूने बोलतात: काळ्यांकडून खेळणाऱ्या मशीनने +१ दाखवले तर त्याचा अर्थ काळे बरे आहेत. लॅपटॉपवरचे प्रोग्रॅम मात्र साधारणपणे पांढऱ्यांच्या बाजूने आकडा दाखवतात. पहिल्या डावात हे माझ्या लक्षात आले नाही. काळे मशीन हरता हरता खुशीत होते असा निष्कर्ष काढून मी दोन मित्रांना ऐकवलासुद्धा. ते मशीन बिचारे चाळीस चाली आपली दुर्दशा प्रामाणिकपणे सांगत होते.

मशीन पुस्तकातून, म्हणजे त्यात आधीच भरून ठेवलेल्या प्रारंभाच्या चालींतून, बाहेर पडले ती चालही ओळीच्या कडेला खूण करून ठेवा. पुस्तकातली उत्तरे क्षणात येतात, पहिला खरा विचार सुरू झाला की वेळ लागतो, त्यामुळे ही जागा चुकत नाही. तिच्या अलीकडच्या चाली मशीनच्या नव्हेत, पुस्तक भरणाऱ्या माणसाच्या आहेत. त्यांची तपासणी करून मशीनला शाबासकी किंवा शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता लॅपटॉप. डाव पीजीएन फाइलमध्ये उतरवा. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ साली आखलेली ही पद्धत साध्या मजकुराची आहे, म्हणून अजून टिकून आहे. वरती इव्हेंट, साइट, डेट, राउंड, व्हाइट, ब्लॅक, रिझल्ट हे सात मथळे. त्यांत मशीनचे नाव, पातळी आणि प्रोसेसरचा वेग लिहायला विसरू नका. वहीतले गुण त्या त्या चालीपुढे महिरपी कंसात टाका. कंसातला मजकूर प्रोग्रॅम टीप समजतो आणि डाव बिघडत नाही.

तपासनीस म्हणून स्टॉकफिश घ्या. फुकट आहे, खुला आहे, आणि त्याच्याहून कडक परीक्षक घरात आणण्याचे कारण नाही. नुसत्या इंजिनाला तोंड नसते, म्हणून त्याला अरीना किंवा स्किड व्हर्सेस पीसी यांसारखा पट दाखवणारा प्रोग्रॅम जोडावा लागतो. जोडल्यावर तीन गोष्टी बसवा. पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवणाऱ्या हॅशला लॅपटॉपच्या मेमरीच्या निम्म्याहून कमी जागा द्या. एकाऐवजी तीन चांगल्या चाली दाखवायला सांगा, म्हणजे मशीनची चाल दुसऱ्या क्रमांकावर होती की यादीतच नव्हती ते कळते. आणि सीझिजी ही अंतिम पर्वाची कोष्टके जोडा; पाच सोंगट्यांपर्यंतचा संच सुमारे एका गिगाबाइटमध्ये मावतो.

तपासणी शेवटच्या चालीकडून पहिल्या चालीकडे करा. शेवटाला काय होते ते इंजिनाने आधी पाहिले की ते हॅशमध्ये राहते आणि अलीकडच्या स्थितीत त्याला लवकर सुचते. चालीमागे पंधरा-वीस सेकंद पुरे. रात्रभर लॅपटॉप तापवण्याची हौस मीही केली आहे. उत्तरे बदलली नाहीत.

हाती येणाऱ्या आकड्यांविषयी एक इशारा. जुन्या मशीनचा +१ म्हणजे ढोबळपणे एक प्यादे. स्टॉकफिशचा +१ आता तसा नाही. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून त्याचा अर्थ ‘इंजिनांच्या खेळात इथून जिंकण्याची शक्यता निम्मी’ असा आहे. म्हणून दोन आकडे एकमेकांतून वजा करू नका. दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढा आणि वळणे पाहा. आधीच +८ असलेल्या डावात +६ झाले तर ती चूक धरू नका. बरोबरीचा डाव −२ वर गेला तर ती धरा.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि लाल खुणांची यादी बघून थांबतात. आपले काम इथे सुरू होते. स्टॉकफिश चूक कुठे झाली ते सांगतो. ती का झाली ते त्याला विचारून कळत नाही, मशीनलाच विचारावे लागते.

एक नमुना जवळून पाहू. स्पॅनिश प्रारंभातला जुना सापळा आहे, नोआचे तारू म्हणतात. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ ए६, उंट ए४ डी६, डी४ बी५, उंट बी३ घोडा डी४ मारतो, घोडा डी४ मारतो, ई प्यादे डी४ मारते. आता पांढऱ्यांनी वजिराने डी४ वरचे प्यादे घ्यावे का? मोहरांचा हिशेब सरळ दिसतो: घोड्याला घोडा, प्याद्याला प्यादे. पण काळे सी५ खेळतात. वजीर डी१ वर परतला तर लगेच सी४, आणि बी३ वरचा उंट कोंडला गेला. वजिराने डी४ वर मारले त्या चालीपासून मोजले तर सहाव्या अर्ध्या चालीला (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) उंट जातो. मशीनला हे दिसते. म्हणून ते दुसरी वाट काढते: वजीर डी५, एफ७ वर मात आणि ए८ चा हत्ती अशा दोन धमक्या. काळ्यांचा उंट ई६ वर येतो. वजीर सी६ वर शह देतो. उंट डी७ वर आडवा येतो. वजीर पुन्हा डी५, आणि आता सी४. मरण तेच, फक्त दहाव्या अर्ध्या चालीवर ढकललेले. नुसत्या सहा किंवा आठ अर्ध्या चाली मोजणाऱ्या मशीनला या भानगडीत उंट वाचल्यासारखा दिसतो आणि ते खुशाल प्यादे खाते. याला क्षितिज परिणाम म्हणतात. माणसेही इथे फसली आहेत. १९२९ साली बुडापेस्टमध्ये कापाब्लांकाने एन्ड्रे स्टाइनर यांना याच सापळ्यात धरले होते. वजिराने मारण्याऐवजी उंट डी५ वर गेला तर काही बिघडत नाही.

आलेखात हे कसे ओळखावे? स्टॉकफिशची रेघ प्यादे खाल्ल्या क्षणी पडते. मशीनची रेघ तशीच सपाट चालत राहते आणि तीन-चार चालींनी धाडकन कोसळते. या दोन पडझडींमधले अंतर चालींत मोजा. मी त्याला ‘जाग यायचे अंतर’ म्हणतो. दहा डावांत ते साधारण सारखेच येऊ लागले की त्या मशीनचे क्षितिज तुम्हाला बोटांवर सांगता येते.

मग मशीनवर ती स्थिती पुन्हा मांडा, चुकीच्या चालीच्या आधीची, आणि दसपट वेळ द्या. तीस सेकंदांच्या जागी पाच मिनिटे. चाल बदलली तर दोष वेळेचा. तासभर देऊनही तीच चाल आली तर दोष ज्ञानाचा: ते मशीनला शिकवलेलेच नाही. इम्युलेटर असेल तर वेग वाढवून हा तास मिनिटांत उरकता येतो. स्टॉकफिशची ताकद कमी करून त्याला जुन्या मशीनचे सोंग द्यायचा मोह होईल. करू नका. पातळी उतरवलेला स्टॉकफिश चांगले दिसत असताना मुद्दाम अधूनमधून वाईट चाल निवडतो. जुने मशीन तसे कधीच करत नाही, त्याला दिसले तेवढे ते नेकीने खेळते. स्टॉकफिशची खोली २२ आणि मशीनची खोली ७ याही एका फुटपट्टीवरच्या नाहीत.

ज्ञानाच्या दोषाचा सोपा नमुना अंतिम पर्वात मिळतो. पांढऱ्यांकडे राजा, पांढऱ्या घरांवरचा उंट आणि एच पट्टीतले प्यादे. काळ्यांचा एकटा राजा एच८ वर पोचलेला. एच८ हे घर काळे, उंटाचे तिथे काही चालत नाही, डाव बरोबरीत. सीझिजी क्षणात ०.०० दाखवते. ज्याला हा नियम शिकवलेला नाही ते मशीन उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक मिळवून +४ च्या वर आकडा धरून बसते. इथे शेवटच्या चालीला दोष देऊ नका. मागे जात जात ती मारामारी शोधा, जिथे मशीनने दुसरे प्यादे देऊन ही स्थिती ओढवून घेतली. फाइलमध्ये खूण तिथे करा.

एका बाबतीत मात्र तपासनिसाचे निमूट ऐकू नये. सुपर कॉन्स्टेलेशन मोहरांचे बेधडक बलिदान देण्यासाठी ओळखले जायचे. स्टॉकफिश त्यातल्या पुष्कळ बलिदानांवर काट मारील, आणि त्याच्याशी खेळताना ती काट रास्त ठरेल. पण समोर पाच मेगाहर्ट्झचे मशीन आहे. बचाव आहे, हे स्टॉकफिशला कळते. समोरच्याला तो सापडला का, ते डावात पाहायचे. सापडला नसेल तर त्या चालीपुढे प्रश्नचिन्ह घालणे मला पटत नाही. मी ‘चालून गेले’ एवढेच लिहितो.

एका डावावरून कोण वरचढ ते ठरवू नका, आणि सहा-चार अशा निकालावरूनही नको. शिवाय ही मशीन त्याच पातळीवर पुष्कळदा तोच डाव पुन्हा खेळतात. म्हणून पाच वेगवेगळे प्रारंभ स्वतः चार-चार चाली मांडून द्या आणि प्रत्येकी रंग बदलून दोनदा खेळवा.

काम संपले की फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ज्या मशीनमध्ये सेल बसतात त्यातले सेल लगेच काढा. जुन्या मशीनचा जीव प्रोसेसरमुळे क्वचित जातो, विसरलेले सेल पाझरून सहज जातो.