राष्ट्रीय उद्यानातील बंदूक आणि आपण न विचारलेला प्रश्न

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांतील अनेक ज्येष्ठ मंडळी आता अमेरिकेत मुलांकडे जातात आणि सवड काढून यलोस्टोनही पाहून येतात. आम्ही उभयता तेथे गेलो असता माहिती केंद्राच्या दाराशी एक सूचना दिसली : इमारतीत शस्त्रे नेण्यास मनाई आहे. मनात आले, दारावर अशी सूचना लावावी लागते, तर दाराबाहेर शस्त्रांना मुभा आहे की काय? परत आल्यावर कुतूहलाने तो विषय वाचला. त्यातून जे हाती लागले ते आपल्याही उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नियम कसा बदलला

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत १९८३च्या नियमाप्रमाणे सर्वसामान्य पर्यटकाला बंदूक नेता येत असे, परंतु ती रिकामी व सहज हाती लागणार नाही अशा रीतीने बांधून ठेवलेली असावी लागे. चोरट्या शिकारीस आळा घालणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. डिसेंबर २००८ मध्ये सरकारने परवानाधारकांना भरलेले शस्त्र लपवून बाळगण्याची मुभा दिली. तिच्या पर्यावरणीय परिणामांचा विचार झाला नाही, या कारणास्तव मार्च २००९ मध्ये न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यानंतर काँग्रेसने क्रेडिट कार्डधारकांच्या संरक्षणाच्या विधेयकालाच एक कलम जोडून ही मुभा कायद्याने दिली. २२ मे २००९ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची सही झाली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून ते कलम अमलात आले.

तेव्हापासून उद्यान ज्या राज्यात असेल, त्या राज्याचा शस्त्र बाळगण्याविषयीचा कायदा उद्यानातही लागू होतो. यलोस्टोन हे वायोमिंग, माँटाना व आयडाहो या तीन राज्यांत पसरलेले आहे. म्हणजे एकाच उद्यानात फिरताना तीन राज्यांचे कायदे लागू होतात. मात्र ही मुभा केवळ जवळ बाळगण्यापुरती आहे. यलोस्टोनमध्ये शिकारीस व गोळी झाडण्यास बंदी आहे, आणि माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत शस्त्र नेणे हा गुन्हा आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या परदेशी व्यक्तीस तर, शिकारीचा परवाना यांसारखे अपवाद वगळता, बंदूक बाळगण्याची मुळात परवानगीच नाही.

नियम जेथे थांबतो

सप्टेंबर २०१३ मध्ये याच यलोस्टोनच्या एका तंबू-छावणीत तीन वर्षांच्या मुलीच्या हाती वडिलांचे पिस्तूल लागले, गोळी सुटली आणि ती मुलगी दगावली. शस्त्र कोणी व कोठे बाळगावे हे कायदा सांगतो. आई-वडील न्याहारीच्या गडबडीत असताना ते शस्त्र कोठे पडलेले असते, हे त्या कायद्याच्या नजरेपलीकडचे आहे. तेथून आपले, म्हणजे बालरोगतज्ज्ञांचे, क्षेत्र सुरू होते.

तीन वर्षांच्या मुलीच्या बोटांत एवढी शक्ती कोठून, असे आपल्यास वाटेल. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांश मुलांच्या बोटांत बाजारातील अनेक पिस्तुलांचा चाप ओढण्याइतके बळ आढळले. २००१ च्या दुसऱ्या अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान लहान गटांनी एका खोलीत बसवले होते. तेथील खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. ४८ मुलांना ते सापडले, ३० जणांनी हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘बंदुकीला हात लावायचा नाही’ अशी शिकवण आधीच मिळालेली होती! मुलाला समजावणे आवश्यक आहेच, पण ते पुरेसे नाही. म्हणूनच अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगते की, घरात बंदूक नसणे सर्वांत सुरक्षित. असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

हे विचारण्याचा हक्कही तेथील डॉक्टरांना लढून मिळवावा लागला. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये रुग्णाला बंदुकीविषयी प्रश्न विचारण्यावर निर्बंध घातले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये अपील न्यायालयाने, भाषणस्वातंत्र्याच्या आधारे, ते रद्द ठरवले.

आपल्या दवाखान्यात

आपल्याला असा कोणताही कायदा अडवत नाही, तरीही आपण विचारत नाही. ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक ही अनेक घरांत प्रतिष्ठेची वस्तू आहे. लग्नातील हर्षगोळीबारास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पण वरातीहून परतल्यावर ती बंदूक घरात कोठे टेकवली जाते?

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या एका मुलाचा घसा तपासत असता तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, “दादाजी की बंदूक मैं भी खोल लेता हूँ।” आई हसली. त्या मुलाचे वजन, लसी, खाणेपिणे, सारे माझ्या टिपणात सहा वर्षे नोंदलेले होते. हा एक प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. त्या दिवशी आजोबांना बोलावून घेतले. ते थोडे रागावले, पण पुढच्या खेपेस स्वतःहून सांगून गेले की, बंदूक आता कपाटात आहे आणि काडतुसे निराळ्या कुलपात.

सहव्यवसायी मित्रांना माझी विनंती आहे की, लसीकरणाच्या भेटीत औषधे, रॉकेल, उघडी पाण्याची टाकी यांची चौकशी करतो, त्याच ओघात, आवाजात आरोप न येऊ देता विचारावे : घरात बंदूक आहे का? भरलेली असते का? किल्ली कोणाजवळ असते? आणि वाचक पालकांनो, मूल ज्या घरी खेळायला वा सुटीत राहायला जाणार असेल, मग ते मुरारचे असो वा माँटानाचे, तेथेही हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. विचारल्याने यजमान क्षणभर नाराज होतील, इतकेच.