वाहक की रोधक? निकेल ऑक्साइडचे कोडे

तांबे विद्युतवाहक आणि काच विद्युतरोधक, अशी पदार्थांची सरळ विभागणी आपण शाळेत शिकतो. वाहकात इलेक्ट्रॉन मोकळे असतात, हे तिचे कारणही शिक्षक सांगतात. हे उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे.

१९३१ साली ए. एच. विल्सन यांनी मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे, इलेक्ट्रॉनांची ऊर्जापट्टी पूर्ण भरलेली असल्यास पदार्थ रोधक ठरतो व अर्धवट भरलेली असल्यास वाहक. या हिशेबाने निकेल ऑक्साइड वाहक ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात ही हिरवी भुकटी वीज जवळजवळ वाहूच देत नाही! १९३७ मध्ये ब्रिस्टल येथील परिषदेत डी बोर आणि व्हेरवे या डच शास्त्रज्ञांनी ही विसंगती निदर्शनास आणली. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात, ही गोष्ट हिशेबात धरलीच गेली नव्हती, असे पायर्ल्स यांनी सुचविले. नेव्हिल मॉट यांनी हा विचार पुढे नेला, म्हणून अशा पदार्थांना 'मॉट रोधक' म्हणतात. १९७७ च्या भौतिकीतील नोबेल पारितोषिकाचे मॉट हे एक मानकरी होते.

पंगतीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक पाटावर एकच माणूस बसला आहे. पाटावर दोघे मावतील. पण शेजाऱ्याला कोणीही जवळ येऊ देत नाही. साहजिकच सारी पंगत जागच्या जागी राहते. मात्र एक जण उठून गेला की शेजारी त्या पाटावर सरकतो, त्याच्या जागी पुढचा, आणि हालचाल सुरू होते. निकेल ऑक्साइडमध्ये थोडे लिथियम मिसळले असता नेमके हेच घडते : हिरवा पदार्थ काळा पडतो आणि वीज वाहू लागते.

व्हॅनेडियम डायऑक्साइडची तऱ्हा तर आणखीच न्यारी. सुमारे ६८ अंश सेल्सियसखाली ते रोधकासारखे वागते. त्यावर तापविताच त्याची वाहकता हजारो पटींनी वाढते. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॉरिन यांनी हे प्रसिद्ध केले. याचे श्रेय इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणाला किती आणि अणूंच्या बदललेल्या मांडणीला किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यात २०१७ साली बर्कली येथील संशोधकांनी नवी भर घातली. चांगला वीजवाहक उष्णताही चांगली वाहतो, हा धातूंचा जुना नियम. परंतु वाहक झालेल्या या पदार्थात इलेक्ट्रॉनांनी वाहून नेलेली उष्णता त्या नियमाच्या अपेक्षेच्या जेमतेम दशांश भरली.