पूर्वतयारी म्हणजे काय ?

वह्या जमविल्या, जुन्या प्रश्नपत्रिका मिळविल्या, रात्रीं उशिरापर्यंत दिवा जळूं लागला, कीं परीक्षेची तयारी चालली असें आपण समजतों. परंतु सामग्री जमविणें ही तयारीची केवळ पहिली पायरी होय. निरनिराळ्या क्षेत्रांत या शब्दाचा अर्थ काय होतो, हें पाहिलें म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येईल.

शेतकरी उन्हाळ्यांत जमीन नांगरतो, ढेकळें उन्हांत तापूं देतो, धसकटें वेंचतो, कुळव फिरवितो. पाऊस पाडणें त्याच्या हातीं नसतें. परंतु पडलेला पाऊस जमिनींत मुरावा, एवढी व्यवस्था त्याच्या हातीं असते. येथें तयारी म्हणजे ग्रहण करण्याची पात्रता.

शस्त्रवैद्याची तयारी निराळी. पूर्वीं शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जखम चिघळून अनेक रोगी दगावत. १८६५ सालीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यांनीं जखमांवर कार्बॉलिक आम्लाचा उपयोग आरंभिला, आणि मृत्यूंचें प्रमाण घटलें. आज शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं हात व उपकरणें निर्जंतुक केलीं जातात. येथें तयारी म्हणजे दोषांचें निवारण.

प्रवाशाची तयारी आणखी पुढें जाते. १९११ सालीं अमुंडसेन व स्कॉट हे दोघे दक्षिण ध्रुवाकडे निघाले. दोघांनींही वाटेंत आगाऊ अन्नसाठे ठेविले होते. परंतु हिमवादळांत वाट चुकली तर काय, हा प्रश्न अमुंडसेन यांनीं आधींच स्वतःस विचारला. आणि साठ्याच्या दोन्ही बाजूंस, मार्गाला आडवीं, क्रमांक घातलेलीं निशाणें रोविलीं. क्रमांक पाहतांच साठा कोणत्या दिशेस व किती दूर आहे, तें कळे. १४ डिसेंबर १९११ रोजीं ध्रुव गांठून ते पांचहीजण सुखरूप परतले. स्कॉट यांनीं आपला मोठा साठा, तट्टें थकल्यामुळें, योजिल्यापेक्षां अलीकडेच ठेविला होता. ध्रुवावरून परततांना, १९१२ च्या मार्चमध्यें, त्यांचा अखेरचा तंबू त्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर पडला. त्या वर्षींची विलक्षण थंडी व इतर कारणेंही होतींच. त्यांच्या धैर्यास उणें म्हणतां येणार नाहीं. पण धैर्य हें तयारीची जागा घेऊं शकत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

विद्यार्थिमित्रहो, या तिन्ही गोष्टी तुमच्या अभ्यासांत हव्यात. रोजच्या वाचनानें मनाची मशागत करा. तपासलेल्या वहींतील चूक पुन्हां होणार नाहीं, असें पाहा. आणि पुस्तक मिटून उत्तर लिहून पाहा; जेथें अडखळाल, तेथें खूण करा. परीक्षेच्या घटकेस वाट चुकण्याचा संभव तेथेंच आहे. पालकांनींही मुलांस "किती वाचलें ?" एवढेंच न विचारतां "कोठें अडलें ?" असें विचारावें. अडण्याचें ठिकाण आधीं ठाऊक असणें, यांतच तयारीचें सार आहे.