पडलेल्या मोटारसायकलचे हँडल : सरळ करावे की बदलावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांचा धंदा दोन चाकांवर चालतो. कारखान्यातून तागे उचलणे, शिंप्याकडे माल पोहोचविणे, आठवडी बाजार, वसुली ही सर्व कामे मोटारसायकल करते. गाडी पडली की मार बहुधा हँडलला बसतो. मग मिस्त्री पाइप अडकवून ते ओढतो, ‘सरळ झाले’ म्हणतो आणि पैसे वाचले म्हणून आपण खूश होतो. ही बचत खरी आहे काय, ते पाहू.

वाकलेले हँडल सरळ का करू नये?

हँडल म्हणजे पोकळ नळी. ती वाकते तेथे तिची भिंत दबते. उलट वाकविल्यावर ती जागा आणखी कमजोर होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. बारीक तडा चकाकीखाली दिसत नाही. अॅल्युमिनियमचे हँडल तर कधीच सरळ करू नये. जोराने ब्रेक मारताना आपला भार हातांवर येतो. मागे गाठोडे बांधलेले असताना त्या क्षणी हँडल तुटले, तर गाडी आवरणे शक्य नाही.

आधी दोष ओळखा

गाडी स्टँडवर लावा, चाक सरळ करा व समोरून पाहा. हँडलचे एक टोक वर किंवा मागे गेले असेल तर हँडल वाकले आहे. दोन्ही टोके सारखी आहेत, पण पूर्ण हँडल एका बाजूला वळलेले दिसते, तर पुढचा फोर्क आपल्या पकडीत फिरलेला असू शकतो. तेथे नवे हँडल घालून उपयोग नाही. फोर्कचे नळे, त्यांना धरणारी टी आणि कोनसेट आधी तपासून घ्यावेत.

नवे हँडल घेताना

कापडाचा रंग जुळविण्यासाठी आपण कात्रण सोबत नेतो. तसेच जुने हँडल दुकानात न्यावे. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ या शब्दावर जाऊ नये.

1. जाडी : नेहमीच्या गाड्यांत मुठीजवळ नळी 22 मिलिमीटरची असते. काही मोठ्या गाड्यांत ती 25.4 मिलिमीटर असते. काही हँडले मध्यभागी 28.6 मिलिमीटर जाड असतात. त्यांना वेगळी पकड लागते.

2. रुंदी, उंची आणि मागचे वळण : तिन्ही जुन्याप्रमाणे हवीत, वाकलेल्या हँडलवर माप चुकते, म्हणून न वाकलेली बाजू मोजावी. उंच हँडल घेतल्यास क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकचा होज अपुरे पडतात.

3. छिद्रे : स्विच जागेवर राहावा म्हणून काही हँडलला छिद्र असते. ते चुकीच्या जागी असेल तर स्विच फिरत राहतो.

मुठी

डावी व उजवी मूठ एकसारखी नसते. उजवी मूठ अॅक्सिलरेटरच्या नळीवर चढते, म्हणून तिचे छिद्र मोठे असते. मूठ चढविताना तेल किंवा ग्रीस लावू नये. ती नंतर हातात फिरते. नळी स्पिरिटने पुसून मुठीचे चिकटद्रव्य वापरावे. ज्यांची रोजी बोटांच्या कामावर आहे, त्यांनी मऊ रबराची मूठ घ्यावी आणि टोकांची वजने परत बसवावीत. त्यामुळे हादरे कमी होतात.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. केबल ताणली जाऊ नये, हात टाकीला लागू नये. इंजिन चालू ठेवून हँडल वळविताना आवाज वाढला तर केबल आखूड आहे किंवा चुकीच्या मार्गाने नेली आहे. अॅक्सिलरेटर सोडताच स्वतःहून मागे यायला हवा. पकडीचे बोल्ट आलटून पालटून सारखे कसलेले हवेत. थोडे चालवून ते पुन्हा तपासावेत.

विम्याचा हिशेब

केवळ थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात मिळते, पण नेहमीच्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर 20 टक्के असतो व वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. फक्त हँडल व मुठींसाठी दावा करणे म्हणूनच अनेकदा तोट्याचे ठरते. फोर्कही गेला असेल तर मात्र दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवावे.

फाटलेला तागा आपण रफू करून नवा म्हणून विकत नाही. हँडललाही तोच न्याय लावावा. वाकलेले हँडल भंगारात द्यावे, नव्याची पक्की पावती घ्यावी आणि मगच गाडीवर माल लादावा.