एका सहीची किंमत

रग्बीचा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. अंड्यासारखा लांबट चेंडू छातीशी धरून खेळाडू धावत सुटतो आणि समोरचे त्याला धरून खाली पाडतात. आपल्या कबड्डीसारखीच झोंबाझोंबी! समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात. याला ‘ट्राय’ म्हणतात.

इंग्लंडमध्ये १८९५ साली या खेळाचे दोन भाग झाले. उत्तर इंग्लंडमधील बरेच खेळाडू खाणीत व गिरणीत राबणारे मजूर होते. सामन्यासाठी काम सोडले की मजुरी बुडे. ती क्लबने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. “खेळ हौसेचा आहे, त्यात पैसा नको,” असे खेळाचे चालक म्हणत. पोट भरलेल्या माणसाला असे म्हणणे सोपे असते. शेवटी उत्तरेकडील क्लब वेगळे झाले. त्यांच्या खेळाला पुढे ‘रग्बी लीग’ हे नाव मिळाले. जुना खेळ म्हणजे ‘रग्बी युनियन’. लीगमध्ये गेलेल्या खेळाडूला युनियनचे दार कायमचे बंद होई.

बिली बोस्टनचा जन्म १९३४ साली वेल्समधील कार्डिफ शहरात, बंदराजवळच्या वस्तीत झाला. त्याचे वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे. बिली युनियन उत्तम खेळे. कार्डिफकडून आणि वेल्सकडून खेळावे, हे त्याचे स्वप्न होते. पण कार्डिफ क्लबचे बोलावणे काही आले नाही.

१९५३ साली इंग्लंडमधील विगन या लीग क्लबची माणसे त्याच्या घरी आली. त्यांनी टेबलावर नोटा मांडल्या. बिलीने जाऊ नये, असे आईला वाटत होते. तिने एक युक्ती केली. “तीन हजार पौंड देत असाल तर तो सही करील,” ती म्हणाली. एवढी मोठी रक्कम ऐकून पाहुणे निघून जातील, असा तिचा अंदाज होता.

पाहुणे म्हणाले, “कबूल!”

आता शब्द कसा फिरवणार? बिलीने सही केली. वेल्सच्या युनियन संघाचे स्वप्न तिथेच संपले.

विगनकडून जेमतेम सहा सामने खेळताच, १९५४ साली, ब्रिटनच्या लीग संघातून तो ऑस्ट्रेलियाला गेला. त्या एका दौऱ्यात त्याने ३६ ट्राय केले. साऱ्या कारकिर्दीत ५७१!

१९९५ साली युनियननेही खेळाडूंना पैसे देण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी जोनाथन डेव्हिस हा वेल्सचा खेळाडू लीगमधून परत आला व पुढे पुन्हा वेल्सकडून खेळला. बिलीचे खेळण्याचे वय केव्हाच सरले होते.

२०२३ साली कार्डिफमध्ये बिलीचा पुतळा उभा राहिला. २०२५ साली, नव्वदाव्या वर्षी, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

स्वाध्याय
१. उत्तरेकडील खेळाडूंची मागणी काय होती?
२. आईचा अंदाज कसा चुकला?
३. तुम्ही बिलीच्या जागी असता तर सही केली असती का? घरी विचारा व चार वाक्ये लिहा.